जावई आणि तिसावं अक्षर

आमचा जावई रमण बोलण्यात भलता काटकसरी. इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरातल्या भाड्याच्या घरात नळापासून हीटरपर्यंत सगळं तोच दुरुस्त करतो, पण "आई, तुमचं चुकलं" हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मला ते फार योग्य वाटे.

माउंट वेलिंग्टनच्या एका कंपनीत तो नव्वद दिवसांच्या ट्रायलवर लागला. काम स्विचचं, म्हणजे ऑफिसभरच्या वायरी ज्यात खुपसतात त्या अठ्ठेचाळीस पोर्टच्या पेट्या. साठ पेट्या, प्रत्येकीच्या सेटिंगची एकेक लांबलचक फाइल. वापरात नसलेली पण उघडी राहिलेली पोर्टं बंद करायची होती; ती शोधून शुक्रवारपर्यंत यादी द्यायची, तीही पायथन या संगणकभाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून. नाही जमलं तर नोकरी कायम होणं कठीण. रमणला वायर कळते, पायथन नाही.

"मी आहे ना!" मी म्हणाले. १९७२ साली संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला मी पंचकार्डांवर फोरट्रान केलेलं. व्हिडिओ पाहून पायथन दोन दिवसांत उरकलं. पंचकार्डावर प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली, तेव्हा स्क्रिप्टलाही मी ठणकावलं: पोर्टच्या ओळीतलं तिसावं अक्षर उचल, तोच नंबर. यादी झरझर आली. रमण म्हणाला, "छान आहे, आई." मी पुण्याच्या दोन मैत्रिणींना फोन करून कळवलंसुद्धा.

बुधवारी बघते तर हे महाशय जेवणाच्या टेबलावर फाइली छापून पेन्सिलीने खुणा करताहेत.

"का हो रमणराव, सासूच्या स्क्रिप्टवर भरवसा नाही?"

माझी लेक नीलांबरी भडकली. "आई, सोमवारपासून तो तुला सांगायला घाबरतोय! रमण, बोल आता."

"आई," तो पेन्सिलीकडे बघत म्हणाला, "तुमच्या यादीत एकाही पेटीचं नऊच्या पुढचं पोर्ट नाही."

"मग?"

"नऊनंतर दहा येतो."

दहाचा एक, तेविसाचा दोन! तिसावं अक्षर उचललं, एकतिसावं तिथेच पडलेलं. त्या यादीपायी रिकामं तेवीस उघडंच राहिलं असतं आणि दोनवरचा रिसेप्शनचा फोन बंद. अन् मी म्हणे फर्स्ट क्लास!

"अरे, नोकरी गेली असती तरी बोलला नसतास?"

"तुम्ही मैत्रिणींना सांगून टाकलं होतं ना..."

मग त्यानेच विचारलं, अक्षरं मोजण्याऐवजी ओळीतल्या "1/0/23" मधल्या शेवटच्या तिरक्या रेघेपुढचं सगळं उचललं तर? दोन ओळींचं काम. त्यानेच लिहिल्या; मी जड अंतःकरणाने हात मांडीवर ठेवून बसले. शुक्रवारी यादी गेली, सोमवारी नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं.

जावई आता धीट झालाय. काल म्हणाला, "आई, आमटी खारट आहे."

होतीच.