लाभ धरून मोजा

यज्ञेश्वरपंतांच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याला मिशा होत्या. नुसत्या मिशा नव्हे, चांगल्या पीळ दिलेल्या, गालांपर्यंत आलेल्या. पंतांची तक्रार मिशांबद्दल नव्हती. मिशांच्या वर जे डोकं होतं, त्याबद्दल होती.

थोरल्या माधवरावांच्या काळातलं पुणं. कसब्यातल्या एका देवळाच्या ओवरीत पंतांची शाळा भरे. पोरं मांडी घालून बसत, पुढ्यात धूळपाटी घेत, तिच्यावर विटेची पूड पसरत आणि बोटाने आकडे गिरवत. शेवटच्या रांगेत, एक पाय लांब करून, खांबाला टेकून बसे तो जयसिंग. वाघोलीकडचा हा गडी पागेतला स्वार होता. कर्नाटकच्या मोहिमेत घोडा अंगावर पडला आणि उजवा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. आता रिकिबीत पाय ठेवणं त्याच्या नशिबात नव्हतं. पागेच्या जमादाराने मात्र शब्द टाकला होता. नागझरी ओढ्यापलीकडच्या पागेच्या कोठीत मापाऱ्याची जागा रिकामी होणार होती. घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा हरभरा, मापून द्यायचं काम. दिवाळीच्या आत कोठीचा कारकून परीक्षा घेणार होता, माप आणि तोंडचा हिशेब दोन्हींची. जमलं तर पागेची भाकरी कायमची. नाही जमलं तर वाघोलीला भावाच्या ओसरीवर बसायचं आणि भावजय ताट कसं आदळते ते ऐकत जेवायचं.

म्हणून जमादाराने त्याला पंतांकडे आणून बसवलं होतं. आणि पंतांचे दिवस फिरले होते.

पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळी शाळा एका सुरात म्हणे. त्या सुरात जयसिंगचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पंत पहिल्या दिवशी खूष झाले. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन ऐकलं, तेव्हा कळलं की गडी फक्त चाल म्हणतोय. आकड्याच्या जागी नुसता हुंकार भरतोय.

"अहो जयसिंगराव," पंत म्हणाले, "आपण पाढा म्हणताय की घोडा हाकताय?"

पोरं खिदळली. जयसिंग जमिनीकडे बघत राहिला. एकट्याला उभं करून विचारलं की त्याच्या कपाळाला घाम फुटे, हात शेल्याखाली जाई, आणि बऱ्याच वेळाने एक उत्तर बाहेर येई. चुकीचं. नेहमी चुकीचं. दुसरा कोणी असता तर पंतांनी छडी उचलली असती. पण शत्रूच्या भाल्यावर चालून गेलेल्या माणसाला छडी काय मारायची? तेव्हा उरली जीभ. ती पंतांनी इतकी वापरली की त्यांना स्वतःलाच नवीन टोमणा सुचेना.

"लढाईत भीती वाटली नाही का हो तुम्हाला कधी?"

"वाटली की जी. पर तिथं समोर मानूस दिसतो. ह्यो आकडा दिसत न्हाई, आन् वार करतोय."

घरी आल्यावर पंत चूळ भरताना, जेवताना, विडा लावताना जयसिंगबद्दलच बोलत. आनंदीबाई, त्यांच्या पत्नी, एके दिवशी वैतागून म्हणाल्या, "त्याला येत नाही हे कळलं मला. तुम्हाला शिकवता येतं की नाही, तेवढं सांगा."

पंत अर्ध्या भातावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत शिरले तेच तावातावाने. आज या माणसाला त्याचं अज्ञान एकदाचं पदरात घालायचं आणि जमादाराकडे परत धाडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"उठा जयसिंगराव. चार औटके किती?" औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. भल्याभल्या पोरांची त्यावर बोबडी वळे.

हात शेल्याखाली गेला. "तेरा."

"वा! सहा अडीचके?"

"चौदा."

"धन्य आहे! आणि बारा पाऊणके?"

"आठ."

"आठ! ऐकलंत रे पोरांनो? तेरा, चौदा, आठ..." पंत बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं. चौदाच्या जागी तेरा. पंधराच्या जागी चौदा. नवाच्या जागी आठ.

ज्याला काही येत नाही तो माणूस वाटेल ते बोलतो. कधी दहा सांगेल, कधी तीस. हा गृहस्थ दर खेपेला बरोबर एकाने कमी सांगत होता. इतके आठवडे सांगत होता, आणि पंतांना फक्त 'चूक' एवढंच ऐकू येत होतं. उत्तर त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांना जयसिंगचा राग आला, आणि मग त्याहून जास्त स्वतःचा. त्यामुळे आवाज आणखीच चढला.

"शेल्याखाली काय करताय? हात बाहेर काढा!"

जयसिंगने चोरी पकडल्यासारखा हात काढला. तो बोटांची पेरं मोजत होता.

"पाढं ध्यानात ऱ्हात न्हाईत जी. म्हून हळूच मोजतो."

"मग मोजा. सगळ्यांसमोर. पाटीवर रेघा ओढून मोजा."

जयसिंगने धुळीत रेघा ओढल्या. चौदा ओढल्या, अगदी बरोबर. मग पहिल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "लाभ." दुसरीवर, "एक." तिसरीवर, "दोन."

पंतांनी डोक्याला हात लावला. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण लाभानंतर दोन म्हणायचं!

"लाभ म्हणजेच एक, अहो!"

"न्हाई जी," जयसिंग पहिल्यांदाच ठामपणे बोलला. "लाभ खंडोबाचा. आमच्या खळ्यावर आजा पयलं माप बाजूला वतायचा, देवाचं म्हून. ते मोजायचं न्हाई. त्याच्या फुडं एक."

"बरं, मग?"

"मग एकदा पाटलाच्या खळ्यावर मला मापायला बसवलं. मी ल्हान व्हतो. पयलं माप रासंतच पडलं, मी आपलं घरच्यावानी मोजलं. एक पायली कमी भरली. म्हनाले, पोरानं चोरली. आज्यानं मला चार मानसांत बडवला. मी परत मोजलं, परत कमी. तवापासनं जी, मी नीट मोजतो आन् आकडा कुठंतरी पळून जातो."

  पंतांनी मग गुरुजी लोक करतात तेच केलं. समजावून सांगितलं. खंडोबाचं माप घरी बाजूला निघायचं, म्हणून तिथे मोजायचं नाही. इथे बाजूला निघत नाही, म्हणून मोजायचं. जयसिंगने मान डोलावली.

"कळलं?"

"व्हय जी."

"चार औटके?"

"तेरा."

"अहो, मग ते लाभ म्हणणंच सोडा की! एकपासून सुरुवात करा!"

"कोठीत लाभ न म्हनता माप टाकलं, तर कारकून हाकलून देईल. अपशकुन हो त्यो."

हेही खरं होतं. पंतांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि देवळाला तरातरा प्रदक्षिणा घालून आले. देवाला नमस्कार करायचं मात्र विसरले.

असे आणखी काही दिवस गेले. रोज समजावणं, रोज मान डोलावणं, रोज तेरा. मग सरस्वतीपूजन आलं. पाट्यांची पूजा झाली, आनंदीबाईंनी फुटाण्यांची परडी पाठवली, आणि पंतांनी ती वैतागाने जयसिंगच्या हातात दिली.

"वाटा. आणि वाटताना किती पोरं आहेत तेवढं मोजा. तेही कमी भरतील म्हणा!"

रांगेत पहिला बाळ बसला होता. शाळेतलं सर्वांत धाकटं आणि सर्वांत खादाड पोर. जयसिंगने त्याच्या ओंजळीत मूठ रिकामी केली, "लाभ" म्हणाला आणि पुढच्या पोरापाशी जाऊन म्हणाला, "एक."

"मी?" बाळ ओरडला.

"तू लाभ."

"मला नाही मोजलं?"

"तुला फुटाणं दिलं की रं!"

"दिले, मग मी आहे ना? लाभाला काय भूक लागत नाही?"

पोरं हसली. पंत पुढच्या कटकटीच्या तयारीने कपाळ चोळू लागले. पण जयसिंग परडी घेऊन तसाच उभा राहिला. त्याने बाळाकडे पाहिलं. बाळ बकाबका फुटाणे खात होता.

"ह्यो तर रांगंतच बसलाय," जयसिंग स्वतःशीच म्हणाला. लंगडत मागे आला, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "लाभ." मग दुसऱ्याच्या.  "दोन."

 इतके दिवस आपण जे घसा फोडून सांगितलं ते या चिमुरड्याने तोंडात फुटाणे असताना सांगावं, याचा पंतांना मनस्वी राग आला होता.

मोजणं सुटलं, पण भीती इतक्या सहज सुटत नाही. औटकी म्हटलं की अजून घाम फुटे. तेव्हा पंतांनी पाढा बाजूला ठेवला. "घोडे आणा डोळ्यांसमोर. एकाला साडेतीन शेर हरभरा. दोघांना किती?"

"सात."

"झालं तर. घोड्यांच्या जोड्या लावा आणि सात-सात मोजत चला. औटकी गेली खड्ड्यात." शाळेत पाढ्याला खड्ड्यात पाठवल्याचा हा पहिलाच प्रसंग. पोरांनी तो अनेक वर्षं लक्षात ठेवला.

परीक्षेच्या दिवशी पंत 'सहज' नागझरीपलीकडे गेले. कोठीच्या दारात हरभऱ्याची रास होती आणि तिच्यामागे कारकून श्रीनिवासपंत. चेहरा असा की समोरच्याने सकाळीच त्यांचा वेळ खाल्ला आहे.

"चला, मापा. आम्हाला इतरही कामं असतात."

जयसिंगने पायली भरली, हात फिरवून सपाट केली, ओतली. "लाभ." पंतांनी श्वास रोखला. दुसरी पायली भरली. ओतली. जयसिंग क्षणभर थांबला. "दोन."

रास बरोबर उतरली. श्रीनिवासपंतांनी वर न बघता विचारलं, "सोळा घोडे, साडेतीन शेरांनी?"

हात शेल्याकडे निघाला आणि अर्ध्यावरून परत आला. ओठ हलत राहिले. "छप्पन शेर. चार शेरांची पायली, म्हंजी चौदा पायल्या."

"हं. सात घोडे, अडीच शेरांनी?"

"पंधरा."

"चूक!" कारकुनाने खाडकन म्हटलं.

दारातल्या पंतांनी डोळे मिटले. हा शब्द त्यांनीच त्या माणसाला अगणित वेळा ऐकवला होता, आणि दर वेळी पुढे काय होतं तेही त्यांना पाठ होतं. मान खाली, घाम, मुकेपणा. झालं. आता वाघोलीची ओसरी.

"व्हय, चुकलं," जयसिंगचा आवाज आला. "थांबा जी. कुठं चुकलं ते बघतो."

"बघतो? इथे काय तमाशा आहे?"

"थांबा म्हनलं ना जी." घाम होताच, कानशिलावरून ओघळत होता. तो त्याने पुसलाही नाही. "दोन घोड्यांना पाच. तीन जोड्या, पंधरा. आन्..." मिशा एकदम पसरल्या. "सातवा ऱ्हायला की! उपाशीच बांधला व्हता म्या त्याला. साडेसतरा."

श्रीनिवासपंतांनी पहिल्यांदा मान वर केली. जयसिंगकडे पाहिलं, मग दारातल्या पंतांकडे.

"तुमचा विद्यार्थी? वेळ फार लावतो."

"लावतो," पंत म्हणाले. "आपल्या घोड्यांना घाई असेल तर दुसरा बघा. पण तो दुसरा सातव्याला उपाशी ठेवील."

कारकुनाने नाक मुरडलं आणि दिवाळीपासून कामावर यायला सांगितलं. जयसिंग पाया पडायला वाकला, तर पाय वाकेना. पंत त्याच्यावर खेकसले, "उभ्याने करा नमस्कार! इथे पडलात तर उचलणार कोण?"

परतीच्या वाटेवर त्यांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण नागझरी ओलांडून ते देवळाजवळ आले, तोच पोरांचा पाऊणकीचा सूर कानावर पडला. गोड, एकसारखा, एकही आवाज वेगळा नाही. पंत पायरीवर थबकले. या सुरात कोण आकडा म्हणतंय आणि कोण नुसता हुंकार भरतंय, देव जाणे.

"बंद करा ते!" ते ओवरीत शिरत ओरडले. सूर तुटला. पंतांनी उपरणं खुंटीला टांगलं, बाळासमोर बसकण मारली आणि त्याची धूळपाटी पुढ्यात ओढली.

"बारा पाऊणके किती, ते राहू दे. तू मोजतोस कसा, ते दाखव आधी. हात बाहेर काढ."