कोऱ्या गाडीवरचं स्वस्तिक

इकडे परदेशात, श्रूजबरीत, शेजारच्या काकांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. ओल्या कुंकवाचा वास आला की माझी मान अजून खाली जाते. काका दोन कंपन्यांच्या सेडान कितीतरी दिवस ताडून बघत होते. एकीची डिकी मोठी, दुसरीची मागची सीट ऐसपैस. पण घेणार होते ते त्यातल्याच एकीचं नव्या रूपातलं, अजून बाजारात न आलेलं मॉडेल. दसऱ्याला त्यांच्या दारात कोरी पांढरी गाडी दिसली. मी नववीत शाळा सोडलेली, काचेवरचं इंग्रजी वाचायच्या फंदात पडले नाही. काका सोबतच्या माणसाला घेऊन आत गेले, तेवढ्यात मी बॉनेटवर ओल्या कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं. तो माणूस शोरूमचा निघाला. स्वस्तिक बघून त्याचा चेहराच बदलला. इकडे लोक त्याला नाझींचं चिन्ह समजून किती घाबरतात, मला कुठे ठाऊक. "मीच सांगितलं होतं तिला," काकांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, आमची पूजा समजावली आणि माझ्याकडे वळून हसले, "अगं, ही नुसती चालवून बघायला आणली होती. आता पूजा झालेली गाडी परत कशी करायची?" त्यांनी तीच घेतली. नवं मॉडेल आता रस्त्यावर दिसतं, तेव्हा काका माझ्यादेखत मुद्दाम दुसरीकडे बघतात. मी डे-केअरमध्ये कामाला लागलेय. एक दिवस ते मॉडेल त्यांच्या दारात आणून उभं करीन.