दारावरची फुली

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत आज पाण्याची टाकी धुतली. जिन्यात ब्लिचिंग पावडरचा वास दाटून राहिला आहे. बाकीच्यांना तो स्वच्छतेचा वास वाटतो. मला त्यात रक्ताचा वास येतो, आणि तो आला की मी दारं-खिडक्या उघडून बसते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, नवं शहर अजून बरंचसं नकाशावरच होतं. त्या शहरासाठी जमिनी जाणार असलेल्या खाडीकाठच्या एका गावात मी आणि माझा वर्गमित्र घरोघर पाहणी करत होतो. समाजशास्त्र नुकतंच शिकलेलो, त्यामुळे समाज आपल्याला कळतो अशी खात्री होती. तेवढ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. विहिरीत पावडर पडू लागली, तिरड्या बांधल्या जाऊ लागल्या. परत जाऊ, असं तो म्हणत होता. मी हट्टाने थांबले. ज्यांच्या घरात आजारपण आहे त्यांना प्रश्न विचारून छळू नये, म्हणून मी त्या दारांवर खडूने फुली मारत गेले. इथे नंतर यायचं, एवढाच तिचा अर्थ. किती सहृदय वाटत होते मी स्वतःला तेव्हा.

गावाने ती फुली वेगळीच वाचली. जिथे फुली, तिथे दुसऱ्या दिवशी मढं. तिसऱ्या सकाळी विहिरीपाशी माणसांनी आम्हाला घेरलं. हातांत वल्ही होती, काठ्या होत्या. आदल्या दिवशी मुलगी गमावलेला एक बाप पुढे आला. त्याने आवाजही चढवला नाही.

"माझे दारावर फुली कोनी मारली?"

खडू माझ्या मुठीत होता. मी मूठ आणखी आवळली.

"मी मारली," माझा मित्र शेजारून म्हणाला.

पहिलं वल्हं त्याच्या तोंडावर बसलं. मग कोण कुठे मारतंय ते कळेना. तो चिखलात कोसळला तरी लाथा थांबल्या नाहीत. त्याला मारता मारता तो बाप ओक्साबोक्शी रडत होता. शेवटी गावातल्या बायकाच मध्ये पडल्या, म्हणून जीव वाचला. डावा डोळा मात्र गेला. त्या बापाचा राग मला तेव्हाही आला नाही. स्वतःची किळस आली, ती अजून आहे.

मित्र अधूनमधून आमच्याकडे येतो. आम्ही कधीच त्याविषयी बोललो नाही. परवा माझ्या नातीने त्याला डोळ्याचं विचारलं.

"लहानपणी विटी लागली," तो हसून म्हणाला.

खरं का, म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.