दारातल्या सुलभाच्या चपला

परदेशी, हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या ऑफिसात विश्वनाथ सकाळपासून एक चर्च साफ करत बसला होता. झाडू-फडकं घेऊन नव्हे हो, कॉम्प्युटरवर! लेझरनं मोजलेल्या इमारतीच्या चित्रातून पिशव्या, छत्र्या पुसायच्या, की मॉडेल तयार. इटलीतल्या एका खेड्यातलं हे चर्च. जाड भिंती, गोल कमानी, वय नऊशे वर्षं. आणि त्याच्या पोटात त्याहूनही जुनं, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर. तुटके चौथरे, रंगीत खड्यांची अर्धीमुर्धी जमीन. तिथल्या पुरातत्त्ववाल्या बाईंनी बजावलं होतं, जिथं खडे नाहीत तिथं मनानं भरायचे नाहीत. जागा रिकामी ठेवायची.

मोजणीला गेला तेव्हा सुलभा, त्याची बायको, हौसेनं बरोबर आली होती. चर्चच्या दारात बाईसाहेबांनी चपला काढल्या. "अगं, इथं कोणी काढत नाही! लादी बर्फ झालीय," हा खेकसला. "अहो, देवाचं दार ते देवाचं दार," म्हणत ती अनवाणी आत. परत आल्यावर काही महिन्यांतच ती गेली. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, तेवढंच. तिचं सगळं सामान यानं घाईघाईत देऊन टाकलं. बघवत नव्हतं ना.

हलती माणसं प्रोग्राम आपोआप पुसतो, आणि सुलभा कसली एका जागी बसतेय! त्यानं स्क्रीनवर सगळं चर्च धुंडाळलं, ती कुठेच नव्हती. चपला तेवढ्या दारात होत्या. तिचं म्हणून एवढंच काय ते उरलं होतं.

"विश, आज पाठवायचंय. दारातल्या त्या जँडल्स काढ," मागून ट्रेसी म्हणाली. ट्रेसी त्याची बॉस. तिला बिचारीला काय ठाऊक? सांगायला गेला असता तर तिथंच रडू फुटलं असतं. काम ते काम. त्यानं ओठ आवळून चपला पुसल्या.

पण चपलांखालची लादी मशीनला दिसलीच नव्हती. तिथं पावलांएवढी दोन काळी भोकं राहिली.

"भरून टाक की, एका क्लिकचं काम," ट्रेसी म्हणाली.

"नाही." आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. "जे दिसलं नाही ते भरायचं नाही. त्या बाईंचा नियम आहे."

"स्वीट ॲज, राहू दे तसंच," म्हणत ती चहा करायला गेली. विश्वनाथनं मॉडेल तसंच पाठवून दिलं.

संध्याकाळी घरी आला, दारात बूट काढले, आणि सरकवून एका कडेला लावले. शेजारी दोन चपलांपुरती जागा सोडली.