चुकायला निघालेली जुलियाना

जुलियाना बायको होती, सून होती, नर्स होती आणि दोन वर्षांच्या ब्रेंडाची आई होती. पण २००३ साली घरच्यांनी मिळून तिला फक्त नर्स ठरवून टाकलं. नवऱ्याची, डेरिकची, कंपनी बंद पडली होती आणि कुवेतच्या एका इस्पितळाला नर्सेस हव्या होत्या. पोरीला मात्र तिकडे नेता येणार नव्हतं. मध्ये आडवी होती ती फक्त इंग्रजीची तोंडी परीक्षा.

म्हणून ड्युटी संपली की ती माणिकपूरला विनी मिसच्या क्लासला जाऊन बसे. मराठीत एकटं बिचारं 'करणं' अख्खा संसार ओढतं. स्वयंपाक करा, चूक करा, अभ्यास करा, नवस करा. इंग्रजांची चूक 'मेक' होते आणि अभ्यास 'डू' होतो. का, म्हणून विचारलं की मिस म्हणायच्या, "कारण विचारू नका गं, पाठ करा." जुलियानाने पाठ केलं. झोपेतून उठवून विचारलं तरी ती चुकली नसती, हेच तिचं दुर्दैव.

मला जायचं नाही, हे तिच्या तोंडून कधी निघालंच नाही. संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला शेजारच्या बायका जमत आणि तिच्या सासूबाई, कॅथरिन, मोठ्याने मागणं मागत, "आमच्या जुलियानाला पास कर, देवा." सगळी आळी "आमेन" म्हणे, आणि त्यात जुलियानाही. जिच्यासाठी सगळे गुडघे टेकतात, तिने नाही म्हणायचं तरी कसं? शेवटी एकच वाट उरली, नापास व्हायची.

अंधेरीला एजंटच्या ऑफिसात परीक्षा घ्यायला कुवेतहून आलेल्या मेट्रन, म्हणजे मोठ्या नर्सबाई, बसल्या होत्या. जुलियानाने ठरवून दिवे लावले. 'मेक'च्या जागी 'डू' आणि 'डू'च्या जागी 'मेक' ठोकून दिलं. मेट्रनच्या कपाळावर आठ्या पडल्या, तसा हिच्या जिवात जीव आला.

मग मेट्रननी स्वतःची बाही वर सारली आणि टेबलावरच्या बीपीच्या यंत्राकडे बोट केलं. जुलियानाने पट्टा गुंडाळला, नाडी चाचपली, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि आकडा सांगून मोकळी झाली. इथेही चुकायचं होतं, हे तिला पट्टा सोडताना आठवलं. तोंडाला पढवलं होतं, हातांना सांगायचंच राहिलं.

"पास," एजंट रामनाथ म्हणाला. "मॅडम म्हणतात, इंग्रजी तिकडे सुधारेल. असे हात मिळत नाहीत."

खाली डेरिक ब्रेंडाला कडेवर घेऊन उभा होता. बायकोचे डोळे पाहून त्याचा चेहरा पडला.

"जाऊ दे गं. पुन्हा बस परीक्षेला. मी आहे ना."

"पास झाले."

"मग रडतेस कशाला?"

ब्रेंडाने हात पसरले. जुलियानाने तिला घेतलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथूनच म्हणाली, "आनंदाने."

"वेडी," म्हणत डेरिक हसला आणि आईला कळवायला टेलिफोनचा बूथ शोधू लागला.