नाणं गाडीतून आलं

राहुरीतला तो नाण्याचा तपास आजही आठवतो आणि मान खाली जाते.

देशात नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका राष्ट्रीय विद्यापीठाच्या गौरवार्थ सरकारने नाणं काढलं होतं. आमच्या हद्दीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना ते समारंभात भेट मिळालं. मखमली डबी रिकामी दिसताच ते ठाण्यात आले. पंचनाम्याच्या वेळी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात बाहेरचं कोण आलं होतं?"

"कोणी नाही. फक्त कामवाली."

दुपारी खबऱ्याचा फोन आला. ती बाई देवळाली प्रवरेत सोनाराच्या दुकानात दिसली होती. मला तेवढं पुरलं. तिच्या वस्तीवर जीप नेली आणि सगळ्यांदेखत तिला महिला शिपायासोबत गाडीत बसवलं.

"पैंजणाची कडी तुटली हुती, ती जोडाया गेल्ते," ती सांगत राहिली. "सायेब, उद्या लेकीला बघाया पाव्हणे यायचेत. मला सोडा."

"मग नाण्याला काय पाय फुटले?" मी म्हणालो. शिपाई हसले.

"आजींना इचारा की. त्या घरातच हुत्या."

आजी म्हणजे प्राध्यापकांच्या आई. वय झालेलं, म्हणून मी त्यांचा जबाबच घेतला नव्हता. पुन्हा गेलो तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"लेक आली होती ना काष्टीहून. निघताना तिची ओटी भरली. ओटीत नाणं नको? हेच नवं कोरं दिसलं."

मी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अहो, बहीण बाहेरची कशी?"

काष्टीला फोन लावला. ओटीच्या तांदळात नाणं होतं.

ठाण्यात येऊन बाईला म्हणालो, "जा आता घरी."

ती उठली नाही. "सायेब, आणलं तसं गाडीतून सोडा. नेताना समद्यांनी पाह्यलंय, येताना बी पाहू द्या. माझा दोष न्हाई, येवढं वस्तीवर सांगा."

"गाडी काष्टीला निघालीय, नाणं आणायला. उद्या बघू."

ती पायी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात पाहुणे आले नाहीत. त्याच वेळी मी प्राध्यापकांच्या घरी नाणं परत देऊन चहा पीत होतो.

पुढे नोकरीत असेपर्यंत 'बाहेरचं कोण' असं मी कधी विचारलं नाही. लेकीबाळींसकट कोण आलं-गेलं, हेच विचारलं. पण हे शहाणपण त्या मायलेकींच्या काय कामाचं?

त्यांची वस्ती नगर रस्त्यालाच होती. काष्टीला जाताना आमची जीप तिच्या दारावरूनच गेली.