वाटेचं माप घेणारे मिस्तरीचाचा

मिस्तरीचाचांकडे कुबडी करायला कुणी गेलं की ते पायाकडे बघायचेच नाहीत. बाकी सगळं जग माझ्या पायाकडे बघायचं. आधी पायाकडे, आणि मग जमलंच तर तोंडाकडे. चाचा मात्र हातातला रंधा बाजूला ठेवायचे, भुवयांवरचा भुसा पुसायचे आणि विचारायचे, "बोल पोरी, तुले कोठे जावानं शे?" मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तापात उजवा पाय गेला त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात हे मला कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याबद्दल एकच चर्चा असे, हिला ठेवायचं कुठे!

आम्ही लोणखेड्याचे. घरी कापूस, केळी, दोन बैलजोड्या. चाचांचं दुकान शहाद्यात, आणि खरा धंदा बैलगाडीची चाकं करण्याचा. माझे वडील, म्हणजे आबा, चाकाचा मोडका आरा बदलायला गेले होते आणि मी गाडीत बसून होते. चाचांनी विचारलं तशी मी पटकन म्हणाले, "शाळेत." आबा हसले. चाचा हसले नाहीत. पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून ते चालत आमच्या गावी आले आणि आमच्या दारापासून शाळेपर्यंतची सगळी वाट त्यांनी पायांखाली घातली. मध्येच बसून काळ्या मातीत बोट खुपसून बघितलं. नाल्याची उतरण काठीने मोजली. गावातली पोरं मागे हुंदडत होती, कुणाला वाटलं सरकारी मोजणी आली. आबांनी विचारलं, "चाचा, माप तर पोरीचं घ्यायचं ना?" तर म्हणाले, "पायनं माप कोणी बी लेस. मी वाटनं लेस."

कुबडी आली ती बघून मी हरखूनच गेले. सागाची, गुळगुळीत, आणि बूड चांगलं रुंद, चिखलात रुतू नये म्हणून. गाडीच्या चाकाला लोखंडाची धाव चढवतात तशी त्या बुडालाही बारीकशी धाव चढवलेली. चाकं करणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! काखेत टोचू नये म्हणून वर गादी हवी होती, ती मात्र त्यांनी केली नाही. आईला म्हणाले, "घरना कापूस घाल, माय. तुन्हा हात लागू दे." आईने ती गादी भरताना डोळ्यांना पदर लावला, आणि मला आठवतं तसं त्या दिवसापासून तिनं मला उचलून घेणं सोडलं.

चाचांना एका शब्दाचा भारी तिटकारा होता. 'बिचारी'. त्यांच्या दुकानात तो शब्द कुणी उच्चारला की मोठी दुहाती करवत त्याच्यापुढे यायची. "बिचारी म्हणना ना? मंग धर तिकडथीन." आणि खरंच ओंडका कापून होईपर्यंत सोडायचे नाहीत. एकदा पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक कापसाचे व्यापारी माझ्याकडे बघून "बिचारी पोरगी" म्हणाले, तर त्यांनाही अर्धा तास करवत ओढायला लावली. घाम पुसत शेठ म्हणाले, "मिस्तरी, मी तर दया केली." चाचा म्हणाले, "मी बी तेच करी ऱ्हायनू शेठ, तुम्हनं पोट कमी करी ऱ्हायनू." आबांनी किती ओंडके कापले याचा तर हिशेबच नाही.

शाळेला तीन उंच पायऱ्या होत्या. कुबडी घेऊन मला त्या चढता येत नसत. मी बसून, हातांवर रेटत चढे, आणि मुली फिदीफिदी हसत. हे चाचांच्या कानावर गेलं. एका शुक्रवारी ते दोन जाड फळ्या घेऊन आले आणि पायऱ्यांच्या बाजूला त्यांनी पक्का उतार ठोकून दिला. हेडगुरुजी माणूस भला, पण साहेबाला भिणारा. "मिस्तरी, असं नियमात नाही हो," म्हणाले. चाचांनी हात जोडले. "गुरुजी, पायऱ्या करा असं कोणता कागदवर लिखेल शे, तेवढं दाखाडा. मी फळ्या उचली लेस." गुरुजींनी बिचाऱ्यांनी, अरे देवा, आता मलाच करवत धरावी लागेल, तर गुरुजींनी कपाटातल्या दोन-चार फायली खरंच उलटून पाहिल्या. शेवटी ठरलं की तपासणीच्या दिवशी फळ्या काढायच्या. आणि साहेब आले ते न सांगता! सायकलवरून उतरले, सायकल त्याच फळीवरून वर व्हरांड्यात घेतली आणि म्हणाले, "वा गुरुजी, सोय छान केलीत." फळ्या राहिल्या.

मी सातवीची फायनल पास झाले. त्या काळी तेवढ्यावर मास्तरीण होता येई. मी अर्ज केला आणि गावात कुजबुज सुरू झाली, लंगडी मास्तरीण म्हणे! पण माझ्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता. लग्नाचं कुणी विचारत नव्हतं. नोकरी नाही मिळाली तर उभा जन्म भावाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लसूण सोलत काढायचा, हे मला स्वच्छ दिसत होतं. नेमणुकीआधी जिल्ह्याच्या गावी सरकारी डॉक्टरांकडून शरीर धडधाकट असल्याचा दाखला आणायचा होता. आबा आणि मी एस.टी.ने गेलो. दवाखान्यात नवीकोरी फरशी, आरशासारखी चकचकीत, त्यात नुकतीच पुसलेली. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखव." मी तिसऱ्या पावलाला धाडकन आडवी झाले. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला स्वतः उठवलं. पण म्हणाले, "मुलांसमोर अशी पडलीस तर कसं व्हायचं, बाळ?" आणि कागदावर 'अपात्र' लिहिलं.

परतताना एस.टी. स्टँडवरून मी सरळ चाचांच्या दुकानात गेले आणि कुबडी त्यांच्यापुढे फेकली. काय काय बोलले ते आता सांगायला लाज वाटते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग कुबडी उचलली, उलटी केली, त्या लोखंडी धावेवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "चूक मन्ही शे, पोरी. आख्खी वाट मोजी, ती फरशी नही मोजी." आयुष्यात मातीशिवाय दुसरी जमीन त्यांनी पाहिलीच नव्हती. लोखंड मातीत रुतून धरतं आणि फरशीवर घसरतं, हे आमच्या भागात कोणाला ठाऊक असणार!

तिसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते माझ्याबरोबर निघाले. पिशवीत पटाशी, हातोडी, आणि मोटारीच्या जुन्या टायरचा एक तुकडा. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते खाली बसले आणि तळहाताने फरशी चोळून चोळून बघू लागले. नर्सला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. तिथेच त्यांनी धाव काढली, टायर कापून बुडाला ठोकला, आणि ठोकाठोक ऐकून डॉक्टर स्वतःच बाहेर आले. चाचा उठून उभे राहिले.

"साहेब, त्या दिनले ही पोर नही पडनी. मन्ही कुबडी पडनी. नापास करानं व्हई त माले करा."

डॉक्टर म्हणाले, "मिस्तरी, दाखला एकदा दिला की दिला."

"तुम्ही फरशीवर कधी पडनात नही का, साहेब?"

डॉक्टरांनी फरशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मागच्याच महिन्यात पडलो. इथेच."

"मंग तुम्हनी नोकरी गयी का?"

मी मनात म्हटलं, आटोपलं सगळं. पण डॉक्टर खो खो हसले. त्यांनी मला त्या लांबलचक व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा चालवलं, अर्धा तास भिंतीपाशी उभं राहून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग नवा कागद घेऊन 'पात्र' लिहून सही केली. परतीच्या एस.टी.त मी रडरड रडले. चाचा खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

नेमणूक शहाद्याच्याच एका मुलींच्या शाळेत झाली. पहिल्या दिवशी वर्ग सुटला तर दारात चाचा, आणि त्यांच्या मागे दडलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. "बाई," ते म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी मला पोरीशिवाय हाक मारली नव्हती. "ही मन्ही जैबून. ऐकत नही, बोलत नही. हिनं नाव लिखी ल्या." मी बघतच राहिले. चाचांना अशी मुलगी आहे हे मला माहीतच नव्हतं! खरं सांगते, मला राग आला. म्हणाले, "चाचा, साऱ्या गावासाठी भांडलात, आणि हिला घरात कोंडून ठेवलीत?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची मान खाली गेलेली पाहिली. "दुसरानी पोर करता कोणी 'नही' म्हणं त मी ऐकी लेस, बाई. आपली पोर करता 'नही' ऐकानी मन्ही छाती नही व्हयनी."

मी जैबूनचं नाव लिहून घेतलं. शाळेत कुरकुर झाली, ही बहिरी पोर कशाला, वर्गाचा खोळंबा. मी म्हटलं, बहिऱ्या मुलीला घेऊ नका असं कुठल्या कागदावर आहे ते दाखवा. तिला मी पुढच्या ओळीत, माझे ओठ दिसतील अशी बसवली. शिकवायचं कसं हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं. वस्तू दाखवायची, फळ्यावर लिहायचं. तिचं अक्षर मोत्यासारखं झालं, पण पाच वर्षं ती मी लिहिलेलंच उतरवून काढी. स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहीना. चाचा दुपारी खिडकीबाहेर येऊन उभे राहायचे, तिची पाटी लांबून बघायचे आणि काही न विचारता जायचे. मीच हताश होऊन एकदा म्हणाले, "चाचा, मला जमत नाही बहुतेक." तर म्हणाले, "जमी. तिले तिन्ही वाट सापडू दे."

एका सकाळी मी फळ्यावर तारीख लिहीत होते. जैबून उशिरा आली. पाटी-दप्तर काही नाही, पायांत चपलाही नाहीत. तिनं पहिल्या बाकावरच्या मुलीची पाटी ओढून घेतली, उभ्या उभ्या त्यावर काही लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

'अब्बा गेले. बाई, तुम्ही चला.'

हे मी तिला कधीही लिहून दाखवलं नव्हतं.